पेवाच्या तोंडावरची खाट

आमच्या जेठांना एक वाईट खोड होती. जमिनीतल्या धान्याच्या पेवात दुसऱ्या कोणाला उतरू द्यायचं नाही. घरात सालदार होता, पाठचा भाऊ होता, पण आश्विनात पेवाच्या तोंडावरचा दगड सरकला की धोतराचा काचा मारून पहिले उतरणार ते हेच. गुडघे कुरकुरायचे, बाहेर निघताना दोघांनी बगलेत धरून ओढावं लागायचं, तरी हट्ट सुटत नव्हता. आणि नुसतं उतरून भागत नसे. आत गेले की मूठभर दादर ज्वारी उचलायची, नाकाशी धरायची आणि असा श्वास ओढायचा की जणू तान्ह्या पोराची टाळू हुंगतायत. मग जमिनीच्या पोटातून आवाज यायचा, "अव्वल!" वर उभी असलेली माणसं एकमेकांकडे बघून हसायची. माणूस एवढा नाकाचा गर्विष्ठ मी दुसरा पाहिला नाही.

आता पाहिला म्हणते, तर तेही खरं नाही. गिरधरभाई माझ्या नवऱ्याचे थोरले भाऊ. घरातले सगळे त्यांना आबा म्हणायचे. आमच्या गुजरांत जेठासमोर पदर हनुवटीपर्यंत ओढायचा आणि तोंडातून शब्द काढायचा नाही. मी या घरात आले तेव्हापासून मला आबा म्हणजे दोन पाय, एक खोकला आणि काठीचा ठोका. त्यांचे पाय मी गर्दीतून ओळखले असते. तोंड कसं आहे ते विचाराल तर लग्नात हार घालताना ओझरतं दिसलं होतं तेवढंच.

बोलायचं झालं तर ओसरीतला खांब होता. "खांबा, भाजीला काय करू?" मी म्हणायची. आबा पलीकडून म्हणायचे, "खांबा, वांगा तोडी आणेल शेतस." माझी जेठानी तापीबाई लवकर गेली, सगळं घर माझ्या हाती आलं, आणि आमचा संसार त्या खांबानं चालवला. सागाचा आहे. अजून उभा आहे. त्याच्याइतकं ऐकून घेणारं माणूस घरात नाही.

आबांच्या नाकाची गोष्ट मात्र खरी होती. दादर म्हणजे आमची रब्बीची ज्वारी, मोत्यासारखी पांढरी. ती गावठाणातल्या पेवात भरायची. तोंड माणूस मावेल एवढं, आत पोट खोलीएवढं. वरून दगड, दगडावर माती. सहा महिन्यांनी उघडल्यावर आतलं धान्य खायचं की ढोरांना टाकायचं, हे आबा वासावर सांगायचे. सारंगखेड्यापासून गाड्या यायच्या त्यांना न्यायला. नारळ, उपरणं घेऊन ते परत यायचे आणि दोन दिवस घरात मान ताठ करून फिरायचे. पाय सुद्धा ताठ पडायचे, मला कळायचं.

महाराष्ट्र राज्य झालं त्याच्या आदल्या पावसाळ्यात तापी अशी फुगली की गढीखालची घरं पाण्यात गेली. आमचं घर उंचावर. पण पाणी जमिनीच्या आतून चालतं, त्याला उंची समजत नाही. आश्विनात पेव उघडलं तर आंबूस वाफ आली. हवा बघायला कंदील दोरीनं आत सोडला. ज्योत मेली नाही, पण मिणमिणली. आमचे मालक, म्हणजे मगन, लिहिताना नाव घ्यायला मला हरकत नाही, म्हणाले, "भाई, दोन दिवस उघडं राहू द्या. हवा खेळू द्या."

"तुले काय समजस?" आबा म्हणाले आणि उतरले.

भिंतीकडची दादर ओलीनं धरून तिचे गठ्ठे झाले होते. आबांनी खुरप्यानं ते फोडायला घेतले तशी पेवाच्या तोंडातून काळी-हिरवी भुकटी धुरासारखी वर आली. वर उभे असलेले दोघे तोंडाला धोतर लावून मागे सरले. आणि हे आत बसून मूठ मूठ हुंगत होते. ही माणसांची, ही ढोरांची, ही फेकायची. टोपलीमागून टोपली.

मी ओट्यावरून ओरडले, "खांबा, तोंडाले फडकं बांधाले कोणी मनाई करेल शे का?"

खालून उत्तर आलं, "खांबा, फडकं बांधं तर वास काय कानघाई लेऊ?"

दिवस कलल्यावर वर आले तेव्हा त्यांचे पायही हिरवे झाले होते. पायधूळ झाडली तर अंगणात भुकटीचा ढीग पडला. शिंकत शिंकत नदीवर गेले. अर्धं धान्य वाचवलं, हे खरं. गावात कोणाचं तेवढंही वाचलं नाही. त्या दिवशी मीही मनातून म्हटलं, आहे बुवा नाक.

थंडी पडली तशी त्यांची एक नाकपुडी बंद झाली. ओव्याची पुरचुंडी शेकली, तूप सोडलं, तपकीर ओढली. तपकिरीनं शिंका आल्या, नाक काही उघडलं नाही. घरातलं धुणं माझ्या देखरेखीखाली व्हायचं. आबांच्या उपरण्याला काळपट खपल्या दिसायला लागल्या, कडेला रक्ताची लाल रेघ. मी खांबाला विचारलं. खांब म्हणाला, "थंडीनं कातडी फुटस. बायांनी धुणं धुवावं, वाचू नये."

बरं. नाही वाचलं.

मग ओसरीत घूस मेली. आबांच्या खाटेखाली कडब्याच्या पेंढ्या रचलेल्या होत्या, त्यांच्यात. घरात कोणाला घास उतरेना. मी स्वयंपाकघरात धूप जाळला. आमची सून रमिला अंगणातून जाताना नाक धरून पळायची. आणि आबा त्याच खाटेवर मांडी घालून भाकरी, मिरचीचा ठेचा खात बसलेले. निवांत. मिटक्या मारत.

रमिला माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "बाई, आबांले वास नही येत."

"गप," मी म्हटलं.

पण माझ्या हातातलं भांडं तिथंच थांबलं. गावानं ज्या नाकाला नारळ दिले ते नाक गेलं होतं, आणि हा माणूस कोणाला सांगत नव्हता. तोंडानं श्वास घेत होता आणि मान ताठ ठेवून चालत होता.

लपवून लपतंय थोडंच? पलीकडच्या गावचा रतिलाल मोठा बागायतदार, केळीवाला. त्यानं मळ्यात भरताची पार्टी ठेवली. वांगी तुरीच्या काड्यांत भाजायची, कळण्याच्या, म्हणजे दादर-उडदाच्या पिठाच्या भाकरी, शंभरेक माणूस. त्या पार्टीसाठी त्यानं आपलं पेव उघडलं तर रिवाजाप्रमाणे आबांना गाडी पाठवली. आबा उतरले, मूठ नाकाशी नेली, म्हणाले, "अव्वल."

पंगत बसली. पहिला घास घेतला तो माणसांनी केळीच्या बुडाशी थुंकला. भाकरी कडू, कोंदट, जुन्या गोणपाटासारखी. सगळे थांबले. एकटे आबा भरताशी भाकरी मोडून खात होते. मगन शेजारी बसले होते, त्यांनीच मला घरी येऊन सांगितलं. रतिलाल वाढता वाढता थांबला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "गिरधरभाई, आज नाक घर इसरी उनात का?"

शंभर माणूस हसलं.

आबा उठले नाहीत. ताटातलं सगळं संपवलं, हात धुतला आणि गाडीची वाट न बघता पायी घरी आले. त्या दिवसापासून कोणाची गाडी आमच्या दारी आली नाही. आबा ओसरीत बसून सुंभ वळायचे. वळलेलं उलगडून परत वळायचे.

पुढच्या पावसाळ्यानंतर बाजरी निघाली. खळ्यात उपणणी चालली होती. तिवईवर आबा उभे, मी खालून पाटी भरून वर द्यायची, ते वाऱ्यावर सोडायचे. वारा त्या दिवशी सुताप्रमाणे सरळ चालला होता. मधेच त्यानं काय मनात घेतलं, खालून उलटा फिरला आणि माझा पदर डोक्यावरून मागे उडाला. दोन्ही हात पाटीला. मान वर. आणि समोर आबांचं तोंड.

मी नीट पाहिलं. लाजून डोळे मिटणारी बाई मी नाही. उजवा डोळा त्यांच्या कपाळाखालून बाहेर आला होता, जोताखाली दमलेल्या बैलाचा येतो तसा. गाल सुजलेला. डावा डोळा माझ्याकडे बघत होता, उजवा भलतीकडे. घरातले बाप्ये रोज समोर बसून जेवत होते, पण रोज बघणाऱ्याला भाकरी केव्हा फुगली ते दिसत नाही.

आबांनी पाटी तशीच माझ्या अंगावर टाकली. "मगन!" ओरडले. "घरमा आते कोणले अदब राहनी नही!"

बाजरी माझ्या केसांत, कानांत, चोळीत. मी पदर ओढला आणि तिवईला म्हटलं, "तिवई, अदब घर जाईसन दाखाडसू. पहिले डोया दाखाडा कोणले तरी."

मी मगनच्या मागे लागले. मगन चांगला माणूस. पण भावासमोर त्यांची जीभ टाळूला चिकटायची. शेवटी नंदुरबारला नेलं. परत आले तेव्हा आबांच्या हातात थेंबांची बाटली होती. खांबाला सांगितलं, "सर्दी शे. थेंब देयेल शेतस." आणि काठी ठोकत आत गेले.

मगन चुलीपाशी येऊन बसले. चुलीत बघत राहिले.

"काय सांगं डॉक्टरनी?" मी विचारलं.

"थेंब."

"मन्हाकडे देखा."

त्यांनी पाहिलं आणि सगळं सांगितलं. डॉक्टरनं कपाळाला आरसा लावून नाकात पाहिलं, डोळा दाबून पाहिला आणि म्हणाला, हे माझ्या हातचं काम नाही, सुरतेला न्या, आणि वाट बघू नका. हे वरवर दिसतंय नाकाचं, पण डोक्याकडे चाललंय. आबांनी रस्त्यात भावाला शपथ घातली होती, घरी बोलायचं नाही.

"आणि तुम्ही शपथ पाळी ऱ्हायना व्हतात?"

"थोरला भाऊ शे, जसोदा."

"थोरला शे तेच सांगस मी. डोकामा गयं मंग थोरला कोठून आणशात?"

संध्याकाळच्या आत मी खांबासमोर उभी राहिले. आबा खाटेवर होते. पाय खाली सोडलेले, अंगठे एकमेकांवर घासत होते.

"खांबा," मी म्हटलं, "सुरतले कधी जानं शे?"

"खांबा, सुरतले कोणी जावाव नही. तठे नाक कापतस. नाक कापेल माणूस पंगतमा कसा बठी?"

"खांबा, आते तरी पंगतमा कोण बलाई ऱ्हायनं?"

काठी खाटेवर आपटली. मी बोलले ते लागेल असंच बोलले होते. पण ते हलले नाहीत. गर्व असा असतो, मार खाऊन आणखी कडक होतो, कमावलेल्या कातड्यासारखा.

दिवाळी जवळ आली होती, पेव उघडायचे दिवस. घरातल्या कणग्या तळाला गेल्या होत्या. आबांनी कुदळ, दोरी, टोपल्या काढून ठेवल्या. नाक नसलं म्हणून काय झालं, उतरणार तेच. सकाळी ते नदीवर गेले तशी मी सालदाराला हाक मारली, माझी खाट उचलून गल्लीत पेवाच्या दगडावर आडवी टाकायला लावली आणि वर जाऊन बसले. बरोबर निवडायला तूर घेतली. रिकामं बसायची मला सवय नाही.

आबा आले. त्यांचे पाय खाटेपासून दोन हातांवर थांबले. ओले होते.

"खाट," मी खाटेच्या गातेला, कडेच्या लाकडाला म्हटलं, "हाई पेव सुरतहून परत येवावर उघडी. तोवर नही."

पाय बराच वेळ उभे राहिले. मग वळले.

त्यांना वाटलं, बाई आहे, ऊन लागलं की उठेल. दुपारी घरात पीठ संपलं. मी सूप घेतलं, भर उन्हात, गल्लीतून धनुबाईच्या दारात गेले. माझ्या जागी खाटेवर रमिलाला बसवलं. मी जन्मात कोणाच्या दारी सूप घेऊन गेले नव्हते. लोक आमच्याकडे यायचे, मी वरून मूठभर जास्त टाकायची. ती मी, सूप पुढं करून उभी.

धनुबाईनं कपाळाला हात लावला. "वं माय! जसोदा, तुन्ह्या घर पेव भरेल आणि तू उसनी दादर मांगस?"

"हा," मी म्हटलं, गल्लीच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जाईल असं, "आमना आबांना नाकना इलाज व्हवाना शे. तोवर पेव बंद. दे सूपभर."

दुसऱ्या दिवशी पुढच्या घरी गेले. तिसऱ्या दिवशी त्याच्या पुढच्या. प्रत्येक ओट्यावर तेच, तेवढ्याच मोठ्यानं. बाया पदरात तोंड घालून हसल्या, हसू दे. काही म्हणाल्या, जसोदाला वेड लागलं. माझ्या कानामागून वारं गेलं. मला एवढं ठाऊक होतं की शंभर माणसांचं हसणं गिळलेला हा माणूस घरच्या बाईच्या हातातलं उसनं सूप गिळू शकणार नाही.

नाहीच गिळलं. त्या दुपारी भाकरीचं ताट तसंच परत आलं. ऊन उतरलं तसे पाय खाटेपाशी आले. काठी जमिनीवर टेकली.

"खाट," आबा म्हणाले. आवाज नाकात अडकत होता. "उठ आते. आणि मगनले सांग, गाडी जुप."

मी तुरीचं सूप झटकलं आणि उठले.

नावेतून तापी ओलांडली, बैलगाडीनं दोंडाईचं गाठलं आणि तिथून सुरतेची गाडी पकडली. मगन, आबा आणि मी. आबांनी फेट्याचा शेव उजव्या डोळ्यावरून घेतला होता. गाडी हलली तसं त्यांचं डोकं दुखायला लागलं. ओठ दाबून बसले, मग कपाळ खिडकीच्या गजाला टेकवलं. प्रत्येक धक्क्याला गज कपाळात रुतत होता, तरी काढेनात. म्हणजे आतलं दुखणं गजापेक्षा मोठं होतं. मी माझी वळकटी उचलून गज आणि कपाळ यांच्यामध्ये कोंबली. काही बोलले नाही. त्यांनीही वळकटीला काही म्हटलं नाही.

सुरतेचा दवाखाना म्हणजे एक गावच. डॉक्टर किडकिडीत, गुजराती, मोडकं मराठी बोलणारा. त्यानं नाकातून काळपट तुकडा काढला, बाटलीत घातला, आत पाठवला. दोन-चार दिवसांनी आम्हाला बोलावलं.

"बुरशी छे," म्हणाला. "लोणच्यावर येते ना, भाकरीवर येते, तशी. ही नाकाच्या बाजूच्या पोकळीत वाढली. हाड खाऊन डोळ्याच्या मागं गेली. तुम्ही काम काय करता, काका?"

आबांनी फेट्याचा शेव डोळ्यावर आणखी ओढला. मगन आबांकडे बघायला लागले.

मी पदराआडून भिंतीला म्हटलं, "भिंत, सांग डॉक्टरले. मागल्या साली पेवमा बुरसी धरेल दादर हुंगी हुंगी निवाडी. मूठ मूठ. दिवसभर."

डॉक्टर इकडं-तिकडं बघायला लागला. "बाई, तुम्ही कोनाशी बोलता?"

"भिंतीशी. ते माझे जेठ आहेत."

तो हसला नाही. समजूतदार होता. भिंतीकडे तोंड करून म्हणाला, "मग भिंतीला सांगतो. ही बुरशी सगळ्यांच्याच नाकात जाते, बहुतेकांना काय होत नाही. यांच्या नाकात तिनं घर केलं. कापून सगळी काढायला लागेल. डोळ्याचं वचन देत नाही. डोक्यात शिरली तर जिवाचं पण नाही."

मगनचा हात माझ्या कोपराला लागला. थंड होता.

आबांनी पहिल्यांदा तोंड उघडलं. "आणि नाक?"

"नाक काय?"

"कापशात?"

"नाक कशाला कापू? ओठाच्या आतून वर जाणार. बाहेर चीर पण दिसणार नाही."

आबांनी एवढा मोठा श्वास सोडला की मला पदराआड हसू आलं. डोळा गेला तरी चालेल, जीव गेला तरी बघू. नाक राहतंय ना! असला माणूस. मला वाटतं त्या घटकेला मला त्यांची माया आली. पण राग काही कमी झाला नाही. दोन्ही एका चुलीवर शिजतात.

कापायच्या दिवशी मगन बाहेर बाकावर बसून देवाचं नाव घेत होते. मी दाराशी उभी राहिले. बऱ्याच वेळानं डॉक्टर पांढरी वाटी घेऊन बाहेर आला. वाटीत ओल्या मातीसारखा गोळा, काळपट हिरवा, तुसासारखा भुसभुशीत. ओळखीचा होता. पेवाच्या भिंतीवरून खुरप्यानं फोडला होता तसाच.

"हे आमच्या पेवातलं," मी म्हटलं.

"हो," डॉक्टर म्हणाला. "तिथंच राहायला पाहिजे होतं."

आबांच्या दोन्ही डोळ्यांवर पट्टी बांधली होती. जेवण भरवायला मगन बसले तर अर्धी पेज उशीवर. म्हणून मी बसले. आणि माझ्या ध्यानात आलं, यांना दिसत नाही. मी पदर मागे टाकला. या घरात आल्यापासून जेठासमोर उघड्या तोंडानं बसायची ही पहिली वेळ. वारा लागला तोंडाला. मी त्यांच्याकडे भरपूर बघून घेतलं. बापासारखं तोंड होतं, थकलेलं, दाढीचे पांढरे खुंट. काय घाबरत होतो आम्ही या तोंडाला!

आबा बांगड्यांवरून ओळखायचे. पेज गिळून म्हणाले, "पलंग, मीठ जास्त शे."

मी चमचा वाटीवर आपटला. म्हणजे, गप खा.

"पलंग," थोड्या वेळानं म्हणाले, "त्या सूपनं मन्ही लई नाचक्की करी."

मी पुढचा चमचा भरला.

"करी ते चांगलं करी," पलंगाला म्हणाले, आणि तोंड उघडलं.

पट्टी निघाली तेव्हा डोळा जागेवर बसला होता. पण त्यातून उजेड आणि अंधार तेवढाच कळायचा. दुधातून घ्यायचे कडू थेंब दिले, महिनोन्‌महिने. वास आला नाही. डॉक्टरनं निघताना भिंतीला नाही, थेट आबांना बजावलं: "काका, ही परत येऊ शकते. तपासायला येत राहा. आणि पेव, सडका कडबा, बुरशी धरलेलं धान्य, त्याच्या जवळ पण जायचं नाही. दुसऱ्या वेळी मी वाटी भरून काढीन की तुम्हाला गमावीन, सांगता येणार नाही."

आबा हो म्हणाले. मी ऐकलं.

गावात आलो तर लोक नाक बघायला आले. खरंच आले. धनुबाईनं तर वाकून दोन्ही बाजूंनी पाहिलं आणि म्हणाली, "वं माय, पुरं शे!" पेव मगननं उघडलं, तोंडाला फडकं बांधून. घराघरात जाऊन सूपं मी परत केली, वरून मूठभर जास्त टाकून. सरळ मानेनं.

वर्ष गेलं. थेंब घेतले, सुरतेच्या फेऱ्या झाल्या, डॉक्टर म्हणाला, नाक स्वच्छ आहे. आबांचे पाय परत ताठ पडायला लागले. मला तेव्हाच समजायला हवं होतं की हे पाय कुठं निघालेत.

आश्विनात मी नदीवर गोधड्या धूत होते. रमिला चढावरून अनवाणी धावत आली. "बाई! चला! आबा पेवमा उतरी ऱ्हायनात! रतिलालभाई उनेल शेतस, त्यास्नी सांगं, देखू गिरधरभाई, सुरतवाला डॉक्टरनी नाक परत देयं का नही!"

ओली गोधडी तिथंच टाकली. लुगडं गुडघ्यापर्यंत ओलं, तशीच चढ चढले. गल्लीत पंधरा-वीस माणसं. पेवाचा दगड बाजूला. रतिलाल हात मागे बांधून उभा, तोंडावर तेच भरताच्या दिवशीचं हसू. आबांचे पाय पेवात, कंबरेपर्यंत गेलेले. आणि दोरी कोणी धरली होती? मगननं. थोरला भाऊ म्हणाला, धर, यांनी धरली.

आतून आंबूस वास येत होता. मला येत होता. रतिलालला येत होता. एकट्या आबांना येत नव्हता, आणि तेच खाली जाऊन सांगणार होते की धान्य कसं आहे.

मला पाहून माणसं सरकली. आबांनी मान खाली घातली, कारण मी आले की मी पदर ओढणार, मग खांब, खाट, भिंत, काहीतरी शोधणार, तोवर ते आत गेले असते. त्यांचा हिशेब बरोबर होता. आजूबाजूला बोलायला खांब नव्हता. मी शोधलाही नाही.

मी पदर दोन्ही हातांनी धरला आणि डोक्यावरून मागे टाकला. गल्लीत कोणीतरी श्वास ओढला. मगनच्या हातातली दोरी ढिली पडली, म्हणून ती मी घेतली. पेवाच्या तोंडाशी उभी राहिले आणि त्यांच्या एका चालत्या डोळ्यात बघितलं.

"आबा," मी म्हटलं, "इतला वरीस तुम्हना पायकडे देखीसन बोलनू. आज तोंडकडे देखीसन सांगस. हाई नाक तुम्हनं व्हतं तोवर तुम्ही त्याले पेवमा घालं. मी दारोदार सूप लई फिरनू आणि ते सुरतहून परत आनं. आते ते तुम्हनं नही, मन्हं शे. आणि मन्हं नाक पेवमा उतरत नही. वर या."